बाईंचा बुधवारचा पेला

चातुर्मासात आमच्या घरमालकीण बाई कांदा खात नसत. लसूण नाही, वांगं नाही, आणि कांदा तर उंबऱ्याच्या आतही यायचा नाही. जिन मात्र घेत. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता, एक पेला.

मी एकदा न राहवून विचारलं होतं, "बाई, कांदा चालत नाही आणि दारू चालते?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चातुर्मासात काय काय वर्ज्य त्याची यादी असते," त्या म्हणाल्या. "त्यात जिनचं नाव नाही. मी दोन पंचांगं तपासली आहेत."

बाईंनी उभं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. जे यादीत आहे ते पाळायचं आणि जे नाही त्याचा घोर लावून घ्यायचा नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

संभाजीनगरात उस्मानपुऱ्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वरच्या खोलीत मी. मी शेंद्र्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटे भाग मापात आहेत का बघायचं, नसतील ते बाजूला काढायचे. खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी लग्न झालंय का, मटण शिजवतो का, मित्र येतात का, यातलं काहीही विचारलं नाही. "मायक्रोमीटर वाचता येतो?" एवढंच विचारलं. येतो म्हटल्यावर कुलूप आणि किल्ली हातात ठेवली.

राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी बुधवार आला. मी पाण्याची मोटर लावायला खाली गेलो, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पूजेची मांडावी तशी मांडणी. बीकर, मोजपात्र, काचकांडी, थर्मामीटर, एक कोरी करकरीत चहाची गाळणी आणि मधोमध बाटली. बाटली उघडी होती. तो वास नाकात गेला आणि मी मोटर न लावताच वर आलो. खोली सोडायची, असं त्याच पायरीवर ठरवलं. सोडली नाही, कारण कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबायची. तत्त्वासाठी माणूस किती चालेल, हे बसथांब्याच्या अंतरावर असतं. निदान माझं तरी तसं आहे.

बाईंच्या त्या पेयाचं नाव गिब्सन. जिनमध्ये थोडी वर्मूथ घालून बर्फावर गार केली की मार्टिनी होते, आणि तिच्यात ऑलिव्हच्या फळाऐवजी सिरक्यातला छोटा कांदा सोडला की झाली गिब्सन. बाईंना ती पहिल्यांदा कुठल्याशा परदेशी परिषदेत मिळाली. "कोमट होती आणि कांदा गोड होता," त्या सांगत. "मापात चूक. पण कल्पना बरी होती." निवृत्त झाल्यावर त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली. मी राहायला आलो तेव्हा या दुरुस्तीला एकोणीस वर्षं झाली होती.

वर्मूथ म्हणजे औषधी पाल्याचा वास दिलेली वाइन. ती आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाली असती तरी बाईंनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. चैत्रात गुलमंडीवर फुलवाल्यांकडे दवणा आला की त्या दोन जुड्या घ्यायच्या. एक देवाला, एक वर्मूथला. "तिकडं जे झाड घालतात ते आणि आपला दवणा, सख्खे चुलतभाऊ आहेत," त्या म्हणत. दवणा, संत्र्याची साल आणि दालचिनीचा तुकडा ब्रँडीत आठवडाभर भिजवायचा, गाळून नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्ये मिसळायचा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची. बाटलीवर चिठ्ठी असे: 'काढा नव्हे.' यजमान हयात असताना त्यांनी काढा समजून ती आठवडाभर रोज अर्धी वाटी घेतली होती. खोकला गेला, हेही बाई प्रामाणिकपणे सांगत.

मग मुख्य प्रयोग. साठ मिली जिन, दहा मिली वर्मूथ. मोजपात्र डोळ्याच्या पातळीला धरायचं आणि द्रवाचा कडेला चढलेला भाग नव्हे, मधला खोलगट भाग वाचायचा. बर्फ, तोही उकळून निववलेल्या पाण्याचा. काचकांडीनं चाळीस वेळा ढवळायचं, बीकर हलवायचं नाही, आपटायचं नाही. "बर्फाचं जे पाणी होतं तेही मापात धरलेलं आहे," असं त्या दर वेळी बजावत, जणू मी उद्या त्यांना न सांगता पाणी घालणार होतो. पेला तासभर फ्रीझरमध्ये. हा उंच दांडीचा पेलाही गुलमंडीवरचा. दुकानदारानं "फालुद्यासाठी का?" असं विचारलं, तर बाईंनी त्याला कशासाठी ते कृतीसकट सांगितलं, मागे गिऱ्हाइकांची रांग लागेपर्यंत. सगळ्यात शेवटी कांदा. तो गोल्टी, म्हणजे शेतकरी वेगळा काढतो तो बारीक, बोराएवढा कांदा. सिरका, मीठ, मिरे आणि एकच लवंग घालून तीन आठवडे मुरलेला.

पेला घेऊन त्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून बसत आणि पाऊण तासात संपवत. दुसरा कधीही नाही.

"दुसरा घेतला की ती सवय," त्या म्हणत.

"आणि दर बुधवारी घेता ती?"

"ती पडताळणी."

लपवणं म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं. दारू पिण्याचा सरकारी परवाना त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बंद करून रेशनकार्डाजवळ ठेवला होता. दुकानात स्वतः जात. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, पेपर में लपेट देतूं." बाई म्हणायच्या, "नक्को. मैं क्या चुराके ले जारी?" बाटली पिशवीत मेथीच्या जुडीला टेकून उभी, मान बाहेर. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटत, पाया पडायला वाकत आणि बाटलीशी नाकासमोर गाठ पडली की वाकलेलेच राहत. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो आणि येताना चार पावलं मागून चाललो. त्यांनी ते बघितलं.

एकदा भजनी मंडळाच्या बायका वार चुकून बुधवारीच आल्या, नेमक्या सात वाजता. बाईंनी त्यांना पन्हं दिलं, स्वतःचा पेला घेतला, "हे माझं, ते तुमचं," असं सांगितलं आणि टाळ घेऊन बसल्या. पुढचा आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. नंतर त्यातल्या दोघीतिघी हळूच येऊन सिरक्यातले कांदे तेवढे मागून नेऊ लागल्या.

चातुर्मासाआधीची शेवटची गिब्सन कांदेनवमीला. चातुर्मास बसला की चार महिने कांदा नाही, म्हणून त्याआधीच्या आषाढातल्या नवमीला कांद्याचं पोटभर खाऊन घ्यायचं, ही रीत बऱ्याच घरांत आहे. बाईंच्या घरी कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, झुणका आणि वार कुठलाही असो, सातला पेला. पुढे कार्तिकापर्यंत कांद्याच्या जागी लिंबाची साल. कांदेनवमीला भाडेकरूनं खालीच जेवायचं, हा खोलीचा एकमेव नियम होता. मी भजी खायचो आणि पेल्याकडे पाठ करून बसायचो.

आता अण्णांचं सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. अजिंठ्याच्या अलीकडे आमचं गाव. कापूस, मका, थोडा कांदा. अण्णा दारू प्यायचे. किती आणि कशी ते सांगत बसत नाही. ज्याच्या घरात असते त्याला माहीत असतं. एकच सांगतो. माझ्या डिप्लोमाच्या प्रवेशाला आम्ही दोघं शहरात आलो होतो, सगळी कागदपत्रं त्यांच्या पिशवीत. मी रांगेत उभा राहिलो आणि ते "आलोच" म्हणून गेले. संध्याकाळी बसस्टँडवर बाकावर झोपलेले सापडले. पिशवी नव्हती. माझं ते वर्ष गेलं.

मी बाईंकडे राहायला येण्याच्या सुमारास अण्णांनी सोडली. कुणी शपथ घातली नाही, कुठल्या देवाला नेलं नाही. एक दिवस गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. अशी तीन वर्षं झाली. आईनं विश्वास ठेवला. मी नाही ठेवला. बाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. वडील शेती करतात, एवढंच.

तिसऱ्या वर्षी आषाढात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते आठ दिवस माझ्या खोलीवर राहिले. मला रजा दोनच दिवसांची होती. आमच्या बसथांब्याच्या समोर, रस्ता ओलांडला की देशी दारूचं दुकान. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना मी डबा, पाणी, डोळ्यात घालायचे थेंब उशाशी ठेवले आणि बाहेरून कुलूप लावलं. मोरी खोलीतच होती, गैरसोय काही नव्हती, असं मी माझं समाधान करून घेतलं. अण्णांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त आतून आवाज आला, "नीट लागलं का? वढून बघ."

मी ओढून बघितलं आणि गेलो.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कांदेनवमी होती. कामावरून आलो तर कुलूप कडीला उघडं लटकत होतं. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. बूट न काढता उलटा धावलो, रस्ता ओलांडला, दुकानापुढच्या गर्दीत एकेकाचं तोंड बघितलं. अण्णा नव्हते. घामेघूम होऊन परत आलो, तर खालच्या स्वयंपाकघरातून त्यांचं हसणं ऐकू आलं.

आत अण्णा खुर्चीवर बसले होते, डोळ्यांना ऑपरेशनचा काळा चष्मा. समोर उंच दांडीचा पेला. त्यात काठोकाठ पाण्यासारखं काहीतरी आणि तळाशी कांदा. ओट्यापाशी बाई दुसरा पेला करत होत्या, काचकांडी फिरत होती.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहायला आज हात उचलत नाही. तुम्हा शिकलेल्या लोकांना दारू म्हणजे खेळ, असं म्हणालो. तुमचा एक पेला होतो आणि आमचं घर जातं, असं म्हणालो. म्हातारपणी चळ लागलाय, असंही म्हणालो. ज्यांनी मला तीन वर्षं सख्ख्यासारखं जेवू घातलं त्या बाईंना.

बाईंचं ढवळणं मध्येच होतं. त्यांनी चाळीस पुरे केले, कांडी खाली ठेवली आणि अण्णांच्या पुढचा पेला माझ्याकडे सरकवला.

"वास घे."

वास सिरक्याचा होता. बाकी नुसतं पाणी.

"सत्तर मिली," बाई म्हणाल्या. "गार केलेलं."

अण्णा म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना, मी लई पीत व्हतो म्हनून. त्या बाटली आत ठेवाया निघाल्या. म्हनलं राहू द्या, बाई. बाटली दिसंना म्हनून सुटली नाय ती. गावात रोज दुकानावरूनच जातो की मी."

जी गोष्ट मी तीन वर्षं बाईंपासून लपवली, ती अण्णांनी भजी होईपर्यंत सांगून टाकली होती.

"कुलूप मी काढलं," बाई मला म्हणाल्या. "दुसरी किल्ली माझ्याकडे असते, विसरलास. दुपारी वर कपडे वाळत घालायला गेले तर आतून खोकला. माणसाला कुलूप लावतात का रे? वायर जळाली असती, आग लागली असती, मग?"

"लावू द्या वो, बाई," अण्णा म्हणाले. "कुलूप असलं की त्याला कामावर चैन पडती. मला काय, मी झोपतो."

बाईंनी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुझ्या कारखान्यात एखादा भाग एकदा चुकीचा निघाला, तर पुढचे न मोजताच फेकता?"

"नाही."

"यांना तीन वर्षांत एकदा तरी मोजलंस?"

अण्णा मान खाली घालून पेल्यातला कांदा चमच्यानं काढत बसले. तो खाल्ला आणि म्हणाले, "बाई, कांदा चुकलाय तुमचा. बाजारातला हाय हा. आमची गोल्टी धाडतो, ती घाला." बाईंनी ताबडतोब कागद-पेन्सिल घेतली आणि गोल्टी कुठल्या जमिनीतली, कधी काढलेली, किती सुकवलेली, याची चौकशी सुरू केली. मी भजी खाल्ली. माफी मागितली नाही. तेवढं मोठं मन त्या दिवशी नव्हतं, आणि पुढेही बरेच दिवस ते कुठून आलं नाही.

उरलेल्या दिवसांत मी कुलूप लावलं नाही. पण बसथांब्यावरून दोनदा फोन करायचो. अण्णा दोन्ही वेळा उचलायचे आणि "खाली हाय, बाईंपाशी" एवढं सांगून ठेवून द्यायचे.

पुढच्या वर्षी कांदेनवमीच्या आधी बाई न्हाणीत पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर. नवमीला सात वाजता मी भज्यांसाठी खाली गेलो, तर त्या ओट्याशी उभ्या राहून डाव्या हातानं मोजपात्र धरायचा प्रयत्न करत होत्या. जिन ओट्यावर सांडत होती. मला हाक मारली नव्हती. मी बाटलीला हात लावत नाही, हे त्यांना माहीत होतं. कागदपत्रं गेली त्या दिवसापासून मी कुठल्याच बाटलीला हात लावला नव्हता, लग्नकार्यातसुद्धा नाही.

"सरका," मी म्हणालो. "सांगा तसं करतो."

त्या सरकल्या. "डोळ्याच्या पातळीला," पहिलंच वाक्य. मी वाकलो. वास थेट नाकात शिरला आणि माप साठच्या पुढे गेलं. जास्तीचं मी परत बाटलीत ओतलं. बाईंनी ते बघितलं आणि हळू आवाजात सांगत राहिल्या: साठ, बरोबर, आता चिठ्ठीची बाटली, दहा, बर्फ हातानं नाही, चिमट्यानं. मी ढवळत होतो आणि त्या मोजत होत्या. विसाच्या पुढे कांडी बीकरला आपटायची थांबली. चाळीस झाल्यावर गाळणीतून पेल्यात ओतलं, अण्णांनी धाडलेल्या गोल्टीतला एक कांदा सोडला आणि पेला त्यांच्या डाव्या हातात दिला.

त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. "पाणी थोडं जास्त झालं. शेवटी शेवटी फार हळू ढवळलंस." आणि पेला संपवला, तळाच्या कांद्यासकट.

मी तिथेच उभा होतो. "बाई, मागच्या वर्षी मी जे बोललो..."

"चळ म्हणालास ते लागलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं नाही. बाकीचं घाबरून बोलला होतास."

"चुकलं माझं."

"मला म्हणालास, बरं झालं. पण कुलूप मला नव्हतं लावलंस."

मी हो म्हटलं. तेव्हा मनात होतं की येत्या रविवारी गावी जाऊन अण्णांशी बोलायचं. रविवार आले आणि गेले. गावी गेलोही, पण आई असायची, शेजारी असायचे, आणि खरं सांगायचं तर अण्णा इतके नेहमीसारखे वागायचे की विषय काढायची गरज वाटायची नाही. त्यांनीच तर म्हटलं होतं, लावू द्या. या वाक्यावर मी आरामात आणखी काही वर्षं काढली असती.

माघात बाई गेल्या. आजारपण नाही, काही नाही, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. पुतण्या आला, घर विकायला निघालं, मी दुसरीकडे खोली घेतली. त्यांची मला फार आठवण येते. इतकं स्वच्छ बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही, आणि आपण लबाडी करतोय हे सांगणारं कुणी जवळ नसलं की माणूस किती सुखात लबाडी करतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी गावी गेलो. अण्णा शेतात ठिबकची फुटलेली नळी जोडत बसले होते. आसपास कुणी नव्हतं. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"अण्णा, ऑपरेशनच्या वेळी मी तुम्हाला कोंडून जात होतो. तसं करायला नको होतं."

अण्णांनी नळी खाली ठेवली. मला वाटलं, हसतील, नाहीतर बाईंसमोर म्हणाले तेच म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले. "नको व्हतं करायला. लई लागलं मला ते."

मी थांबलो. पुढे 'जाऊ दे' म्हणतील, असं वाटत होतं. ते म्हणाले नाहीत, आणि मीही त्यांच्याकडून म्हणवून घेतलं नाही.